आधी कुणाची मुलं?

गेल्या डिसेंबरात माझ्या जुन्या शाळेतून सिस्टरांचा फोन आला. सिस्टर म्हणजे मुख्याध्यापिका. मी शाळेत होतो तेव्हा त्या आम्हाला गणित शिकवायच्या. "तू कम्प्युटरवाला ना आता? मग आमचं एक काम कर."

काम लहान होतं. ज्युनिअर केजीचे अर्ज हल्ली गूगल फॉर्मवर येतात, ते एका शीटमध्ये जमा होतात आणि त्यातून यादी लावायला ऑफिसातल्या सरांचा आठवडा जातो. ती यादी आपोआप लागायला हवी होती. पगारासाठी मी दिवसभर याहून कितीतरी कंटाळवाणं काम करतो, त्यामुळे लगेच हो म्हटलं.

नियम सिस्टरांनी कागदावर निळ्या शाईने लिहिले आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. आधी आपल्या धर्मग्रामातली कॅथलिक मुलं. मग इतर धर्मग्रामांतली कॅथलिक मुलं. मग शाळेत शिकत असलेल्यांची भावंडं. मग शिक्षक आणि शिपाई यांची मुलं. मग माजी विद्यार्थ्यांची मुलं. उरलेल्या जागा चिठ्ठ्या टाकून. (धर्मग्राम म्हणजे पॅरिश. वसईत हाच शब्द चालतो आणि मला तो मूळ शब्दापेक्षा जास्त आवडतो.)

सगळं मिळून तीसेक ओळींचा कोड. प्रत्येक अर्जाला एक पायरी द्यायची, पायरीप्रमाणे क्रम लावायचा, सगळ्यात खालच्या पायरीवरची नावं गंजिफासारखी पिसायची. अर्ध्या तासात झालं असतं. पण शेवटच्या पायरीला नाव काय द्यावं म्हणून मी थांबलो आणि सवयीने 'बाकी' असं टाईप केलं. मग लक्षात आलं, या 'बाकी'त माझी भाची आहे.

आम्ही नालासोपारा पूर्वेचे. म्हणजे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, पण मला कळायला लागल्यापासून पत्ता नालासोपाराच. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा बाबांची कंपनी बंद होती, म्हणून ती जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत गेली. माझ्या वेळी बाबांना दुसरीकडे नोकरी लागलेली होती. ते रात्री दोन वाजता या शाळेच्या फाटकाबाहेर रांगेत जाऊन बसले, सकाळी फॉर्म मिळाला आणि मला प्रवेशही मिळाला. तेव्हा चिठ्ठ्या नव्हत्या. ज्याला रात्रभर जागता येईल तो पुढे. म्हणजे मी या शाळेचा माजी विद्यार्थी आहे आणि ताई नाही. उद्या मला मूल झालं तर ते पाचव्या पायरीवर असेल. ताईची मुलगी आज 'बाकी'त आहे. एकाच घरातली दोन भावंडं, आणि फरक एवढाच की बाबांची कंपनी कोणत्या वर्षी बंद पडली.

पहिली प्रतिक्रिया प्रामाणिकपणे सांगतो. मला राग आला. पाचव्या पायरीचा नाही, पहिल्या दोन पायऱ्यांचा. चार वर्षांच्या मुलांची धर्माप्रमाणे रांग लावायची आणि तो कोड मी लिहायचा? मी सिस्टरांना एक लांब मेसेज टाईप केला आणि पुसला. बारा वर्षं ज्या शाळेत बसलो ती तिथे कशी आली, हे मला धड माहीत नव्हतं. म्हणून आधी ते वाचायला घेतलं.

सुरुवात 'कॉन्व्हेंट' या शब्दापासून केली, कारण तो आमच्या घरात देवाच्या नावासारखा घेतला जायचा. कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा मठ. आपल्याकडे त्याचा अर्थ 'इंग्रजी शाळा' असा कधीचाच झाला आहे. नालासोपाऱ्यात दर दोन गल्ल्यांमागे एक 'सेंट' आहे. त्यातले काही संत कुठल्याही चर्चच्या यादीत सापडणार नाहीत आणि संस्थाचालक बहुतेक वेळा गल्लीतल्याच बिल्डरचा चुलतभाऊ असतो. नावाला एवढा भाव कुणी मिळवून दिला, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

वसईत पोर्तुगीज आले ते १५३४च्या तहाने. गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख त्यांना दिला. त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू आले. चर्चबरोबर शाळा आली आणि शाळेत प्रार्थना, वाचन, गाणं. ही गोष्ट गोड करून सांगता येणार नाही. गोव्यात १५५९ साली हुकूम निघाला, की हिंदूंची अनाथ मुलं चर्चच्या ताब्यात द्यायची, त्यांना ख्रिस्ती म्हणून वाढवायचं आणि शिकवायचं. आपल्या भागातल्या कॅथलिक शिक्षणाच्या पहिल्या पानांवर अशी मुलं आहेत ज्यांना कुणी विचारलं नव्हतं. 'बळजबरीने प्रवेश' हाही प्रवेशाचा एक प्रकार असतो, हे मला नवीन होतं.

त्याच काळातली वसईचीच दुसरी गोष्ट. गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा उत्तम बोलू लागला. त्याला जेझुइट व्हायचं होतं. त्यांनी त्याला आपल्या संघात घेतलं नाही. शेवटी मनिलात फ्रान्सिस्कनांनी त्याला बंधू म्हणून घेतलं आणि १५९७ साली नागासाकीत त्याला क्रूसावर मारलं गेलं. १८६२ मध्ये तो संत ठरला, भारतात जन्मलेला पहिला. आज वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. ज्याला आपल्यात घेतलं नाही तोच पुढे आपला सगळ्यात मोठा माणूस निघतो, आणि हे प्रवेशाची यादी लावणाऱ्या कुणालाच त्या दिवशी दिसत नसतं.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. ही तारीख आपल्याला शाळेत विजय म्हणून शिकवतात, आणि तो विजय होताच. पण गावातल्या ख्रिस्ती बागायतदारांच्या बाजूने पाहिलं तर त्या वर्षी युरोपीय धर्मगुरू निघून गेले आणि मठ ओस पडले. मागे राहिली ती केळी, पानवेली आणि भात लावणारी माणसं. बोलणारी वाडवळी किंवा सामवेदी, देव ख्रिस्ती, सणाच्या दिवशी लुगडं. राज्यकर्ते गेले म्हणून त्यांनी धर्म सोडला नाही आणि शेजाऱ्यांशी भाषाही तोडली नाही.

शाळांची दुसरी लाट आली ती ब्रिटिश मुंबईतून. १८५० च्या दशकात मुंबई-पुण्याकडची जबाबदारी जर्मन जेझुइटांकडे आली. त्याच सुमारास, १८५४ मध्ये, वुडचा खलिता आला. त्यातल्या एका कल्पनेवर आपल्याकडची निम्मी शिक्षणव्यवस्था अजून उभी आहे: शाळा खासगी संस्थेने काढायची, सरकारने अनुदान द्यायचं, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने फक्त इतर विषय बघायचे, धर्माच्या तासाकडे लक्ष द्यायचं नाही. मिशनऱ्यांना हे फारच सोयीचं होतं, सरकारलाही स्वस्त पडलं. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ची, पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७ची, मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९चं. यातली वांद्र्याची शाळा आज नामांकित आहे. तिची सुरुवात 'नेटिव्ह' मुलांचा अनाथाश्रम म्हणून झाली होती. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे ठरले, त्यांना नजरकैदेत टाकून परत पाठवलं गेलं आणि त्यांच्या जागी स्पॅनिश आले. शाळा चालूच राहिल्या. चालवणारे बदलले, शिकणारेही बदलले. पारशी आले, हिंदू आले, मुसलमान आले. ज्यांच्यासाठी काढली आणि ज्यांना मिळाली, यांचा मेळ बसलेली शाळा मला या इतिहासात फारशी सापडली नाही.

खाडीच्या दोन बाजूंना मात्र दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. साष्टीतल्या, म्हणजे वांद्रे ते दहिसर पट्ट्यातल्या, मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. गोवा आणि मंगळूरकडून नोकऱ्यांसाठी येणाऱ्या कॅथलिकांपासून आपण वेगळे, इथले, हे सांगायला. त्यांच्या शाळा इंग्रजी होत गेल्या आणि पुढच्या पिढ्यांच्या घरातली मराठीही पातळ होत गेली. खाडीपलीकडच्या वसईत मात्र गावच्या चर्चने गावातल्या मुलांसाठी मराठी शाळा काढल्या. तिथे बायबल मराठीत, भजन मराठीत, आणि व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर मिस्साही मराठीत. नंदाखालच्या अशाच मराठी शाळेत फ्रान्सिस दिब्रिटो शिकले. पुढे ते धर्मगुरू झाले, 'सुवार्ता'चे संपादक झाले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांची निवड झाली तेव्हा काहींनी विरोध केला होता. ख्रिस्ती धर्मगुरू आपल्या संमेलनाचा अध्यक्ष कसा, म्हणून. पुन्हा तोच 'आपल्या'.

माझी शाळा अशीच एका धर्मग्रामाची. आधी मराठी, मग त्याच आवारात इंग्रजी. चर्चला लागून असलेल्या जुन्या इमारतीच्या भिंतीत एक पाटी आहे आणि तिच्यावर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. बारा वर्षं मी त्या पाटीला टेकून डबा खाल्ला. नावं कधी वाचली नव्हती. या जानेवारीत वाचली. कुणी दोनशे रुपये दिलेत, कुणी एकावन्न. ही पैसेवाल्यांची नावं नाहीत. भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जाणाऱ्या बायकांची आणि त्यांच्या नवऱ्यांची आहेत.

इथे माझा राग जरा वरमला. पहिल्या पायरीवरचा युक्तिवाद मला वसईच्याच भाषेत ऐकू आला. विहिरीच्या. या बागायतीत प्रत्येक वाडीला बावखल किंवा विहीर असते. ज्यांनी खणली, त्यांच्या वाडीला आधी पाणी. नंतर शेजाऱ्याला. मग वाटसरूला, आणि वाटसरूला नाही म्हणायचं नाही. यात काय चुकलं? पुढे इमारती झाल्या, टँकर आले आणि याच विहिरींचं पाणी भरून जाऊ लागलं. त्याविरुद्ध दिब्रिटोंसारखी माणसं 'हरित वसई' म्हणून उभी राहिली, तेव्हा त्यांना कुणी 'तहानलेल्यांचे शत्रू' म्हणावं का? म्हणणारे म्हणालेच असतील. तो टँकर येत होता तो आमच्यासारख्यांच्याच बिल्डिंगीत.

पण मराठी माणसाला 'विहीर आमची' हे वाक्य इतक्या सहज पचू नये. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला: सार्वजनिक पैशावर बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या. विहीर आणि शाळा एकाच ठरावात होत्या, हे विसरू नका. मग १९२७ मध्ये महाड झालं, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, आणि सवर्ण कोर्टात काय म्हणत गेले? तळं सार्वजनिक नाही, आमचं खासगी आहे. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. 'आमच्या पूर्वजांनी खणलं' हा युक्तिवाद आपल्या प्रांतात याआधी वापरून झालेला आहे आणि तो कुणी, कशासाठी वापरला हे आपल्याला माहीत आहे.

मग माझ्या शाळेच्या पहिल्या पायरीत आणि महाडच्या तळ्यात फरक काय? मी यावर बरेच दिवस घालवले आणि शेवटी जे मला येतं तेच केलं. मागच्या वर्षीचे अर्ज सिस्टरांनी चाचणीसाठी दिले होते. ते मी पायऱ्या काढून टाकून, निव्वळ चिठ्ठ्या टाकून, हजार वेळा पळवले. दर वेळी जवळजवळ सारखंच निघालं. धर्मग्रामातली मुलं तुकडीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. साहजिक आहे. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हापासून भरणाऱ्या इमारती मी माझ्या खिडकीतून बघतोय. अशा ठिकाणी निव्वळ चिठ्ठी ही तटस्थ नसते. जिथे जास्त मजले चढतात तिथली बाजू ती घेते. कोडमधल्या रँडमला मी आजवर निष्पाप समजत होतो.

महाडमध्ये बहुसंख्यांनी अल्पसंख्यांना पाण्यापासून लांब ठेवलं, आणि लांब ठेवण्याचा हेतूच अपमान हा होता. इथे मूठभर लोक त्यांच्याच आजोबांनी बांधलेल्या घरात पाहुण्यांच्या गर्दीने बाहेर पडायला नको म्हणून दाराशी उभे आहेत. राज्यघटनेचा अनुच्छेद ३० मला या दाराइतकाच समजतो. अल्पसंख्यांना आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क. त्याच्याच शेजारी अनुच्छेद २९(२) उभा आहे: सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने केवळ धर्म, वंश, जात, भाषा यावरून कुणाला प्रवेश नाकारायचा नाही. घटनाकारांनी दोन्ही लिहून ठेवलं आणि भांडण आपल्यावर सोडलं.

ते भांडण कोर्टात सत्तरेक वर्षं चालू आहे आणि त्यात कॅथलिक संस्था पुढच्या रांगेत आहेत. १९७४चा अहमदाबादच्या सेंट झेवियर्सचा खटला कारभाराच्या स्वातंत्र्याचा. १९९२ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्सच्या (हे कॅथलिक नव्हे, प्रोटेस्टंट) खटल्यात कोर्टाने आपल्या समाजासाठी निम्म्यापर्यंत जागा, अशी रेषा ओढली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात म्हटलं, एकच टक्केवारी सगळीकडे चालणार नाही. आणि २०१४ मध्ये प्रमती खटल्यात ठरलं, की शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेऊन प्रकरण वर पाठवलं.

हा २०१४चा निकाल मला टोचतो. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत पहिलीच्या किंवा त्याआधीच्या प्रवेशात पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना ठेवल्या. माझ्या शाळेवर ते बंधन नाही. आमच्या चाळीतल्या धुणीभांडी करणाऱ्या मावशींची नात बिल्डरच्या भावाच्या बनावट 'सेंट'मध्ये कायद्याने जागा मागू शकते, पण जिथे खरे संत भिंतीवर आहेत तिथे नाही. ज्या चर्चने शाळा अनाथांपासून सुरू केल्या, त्याला हे दुखायला हवं. कायदा सूट देतो. सूट घ्यायलाच हवी, असं तो म्हणत नाही.

तर मी कुठे पोचलो? पहिल्या पायरीचं कारण मला सांगता येतं. कुणीतरी एकावन्न रुपये दिले, जमीन सोडली, हे आपल्या लेकरांसाठी आहे म्हणाले. ते देणं आहे. देणं फेडायचं असतं, पण ते फिटतंही. त्याच्यावर अख्खी तुकडी भरता येत नाही. तुकडीत वाटसरूला जागा उरली पाहिजे, आणि वाटसरूंतही आधी ज्याला दुसरीकडे कुठे पाणी नाही त्याला.

कारण सांगता येत नाही ते पाचव्या पायरीचं. माजी विद्यार्थ्यांची मुलं. मी या शाळेसाठी काय केलं? माझ्या बाबांनी एक रात्र जागून काढली, बस. मी पाहुणा म्हणून आलो, पोटभर जेवलो, आणि आता उठताना शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकतोय, माझा मुलगा येईल म्हणून. माझा मुलगा चांगल्या पगाराच्या घरात, पुस्तकांत, इंग्रजी कार्टूनांत वाढणार. त्याला ही पायरी कशाला? गंमत म्हणजे पहिल्या पायरीवर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये दरवर्षी वाद पेटतो. 'धर्माच्या नावाने भेदभाव' वगैरे. पाचव्या पायरीबद्दल आजवर कुणी अवाक्षर काढलेलं नाही. तिच्यात धर्माचं नाव नाही ना. 'परंपरा' म्हटलं की आपण सगळे गप्प.

मी सिस्टरांना भेटायला गेलो आणि हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "बाळा, नवीन मजल्याची स्लॅब कुणाच्या पैशातून पडली माहीत आहे? माजी विद्यार्थ्यांच्या. तुम्ही लोक आमचं कर्ज झालात." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि तुझ्या बहिणीच्या मुलीचा अर्ज आहे, तो मी पाहिला. 'मामा माजी विद्यार्थी' असा रकाना घालायचा असेल तर मी काही बोलणार नाही. बरेच जण काका-मामा लिहूनच पाठवतात."

मी त्या रात्री शीट उघडून बसलो. रकाना घालायला एक ओळ पुरली असती. कुणाला कळलं नसतं, आणि सिस्टरांची हरकत नव्हतीच. ताईला फोन केला. तिला मी सगळं सांगितलं, पायऱ्या, विहीर, महाड, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुला बसायला खुर्ची मिळाली ना, म्हणून तुला उभं राहण्यातलं तत्त्वज्ञान सुचतंय. मी पहिल्यापासून उभीच आहे." आणि फोन ठेवला. या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. दुसऱ्याच्या मुलीच्या भवितव्यावर स्वतःची नीती शुद्ध ठेवणं फार सोपं असतं, एवढं मला कळतं. तरी मी रकाना घातला नाही.

सिस्टरांनी पाचवी पायरी काढली नाही. भावंडांच्या आणि शिक्षकांच्या पायऱ्यांनंतर ज्या जागा उरतील त्यांतल्या निम्म्या आधी चिठ्ठीला जातील आणि मग माजी विद्यार्थी, एवढं कबूल केलं. वर फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला: आई किंवा वडील दोघांपैकी कुणी दहावीच्या पुढे शिकलं आहे का? नाही म्हणणाऱ्यांची चिठ्ठी दोनदा पडते. हा माझा हट्ट होता. भाचीला त्याचा उपयोग नव्हता, ताई बी.कॉम. आहे.

यादी फेब्रुवारीत लागली. भाचीचं नाव प्रतीक्षायादीत, एवढं खाली की प्रतीक्षा करण्यात अर्थ नव्हता.

आणि आता ती गोष्ट, जी या सगळ्या काळात माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी पाहत नव्हतो. त्याच आवारात, त्याच पाटीच्या भिंतीमागे, मराठी माध्यमाचे वर्ग आहेत. अनुदानित. शिक्षकांचा पगार सरकार देतं. तिथे पायऱ्या नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, माझ्या कोडची गरज नाही, कारण जागा भरतच नाहीत. अर्ज द्या, प्रवेश घ्या. सार्वजनिक पैशाची विहीर भरलेली आहे आणि काठावर कुणी नाही. रांग लागली आहे ती शेजारच्या फी घेणाऱ्या विहिरीवर. पहिल्या पायरीवरचे कॅथलिकही तिकडेच आहेत. ज्यांनी साडेचारशे वर्षं, राज्यं बदलली तरी, देवाशीसुद्धा मराठीत बोलणं सोडलं नाही, त्यांची नातवंडं. आणि आम्ही मराठी, मराठी म्हणून मोर्चात जाणारे, तेही तिकडेच.

मग आम्ही इतके महिने वाटप कशाचं करत होतो? शिक्षणाचं म्हणावं तर ते भिंतीपलीकडे फुकट पडलं होतं. मी ज्या नोकरीत आहे तिची मुलाखत इंग्रजीत झाली, त्यामुळे मला यावर ताईला उपदेश करायचा अधिकार नाही. ते मी केलंही नाही.

पण मार्चमध्ये तिने आपणहून फोन केला. दोन महिन्यांनी. म्हणाली, "तुझ्या त्या शाळेत मराठीचा बालवर्ग कुठल्या मजल्यावर भरतो?"

मी म्हटलं तळमजल्यावर, पाटीच्या बाजूला.

"शनिवारी येतोस? नुसतं बघून येऊ. अजून काही ठरवलेलं नाही."

शनिवारी गेलो. बाईंनी भाचीला खडू दिला आणि ती फळ्यावर गोल काढत बसली. ताई मागच्या बाकावर बसून भिंतीवरची मुळाक्षरं बघत होती. वर्गात अकरा मुलं होती. बाहेर इंग्रजीच्या इमारतीसमोर पालकांची गर्दी होती, फी भरायचा शेवटचा दिवस होता. परतताना ताई रिक्षात म्हणाली, बाई चांगल्या आहेत. मग स्टेशन येईपर्यंत काही बोलली नाही.